पटावरचं नाव

पहिलं पत्र थोरलीने पोस्टमनच्या हातात परत दिलं होतं. पाकिटावरचा पत्ता त्यांचा होता, आडनावही त्यांचंच, पण आडनावाच्या आधी ज्या मुलीचं नाव होतं ती या घरात कधी जन्माला आली नव्हती. थोरलीच्या वडिलांची सगळी नोकरी टपाल कचेरीच्या पार्सलखात्यात गेली, आणि दुसऱ्याचं टपाल फोडणं हे त्यांच्या घरात चोरीच्या खालोखाल धरलं जाई. तेव्हा तिने पाकिटावर 'या नावाचे येथे कोणी राहत नाही' असं ठळक अक्षरात लिहिलं, खाली सही ठोकली आणि ती विसरून गेली.

दुसरं पत्र तिच्या सुनेच्या हातात पडलं. सून रक्तपेढीत काम करायची, बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय ती काही पुढे सरकवत नसे. तिने पाकिटावरचा शाळेचा शिक्का पाहिला आणि पत्र उघडलं. आत लिहिलं होतं की आपली मुलगी, इयत्ता दुसरी, गेले तेवीस दिवस शाळेत गैरहजर आहे. आठवड्याच्या आत समाधानकारक खुलासा न आल्यास तिचं नाव पटावरून कमी करण्यात येईल.

सुनेने पत्र पुन्हा एकदा वाचलं. नाव भलतंच होतं, पण इयत्ता, तुकडी, पत्ता सगळं जिथल्या तिथे. आणि ती स्वतः रोज सकाळी पोरीला शाळेच्या फाटकात सोडून कामावर जात होती. मग फाटकातून आत गेलेली सात वर्षांची मुलगी तेवीस दिवस जात कुठे होती?

पोरीला समोर उभं करून विचारलं, तर ती फरशीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिचा बाप गाळ उपसणाऱ्या जहाजावर नोकरीला, चार महिने घरी यायचा नव्हता. त्याला काय तोंड दाखवायचं, या धास्तीने थोरलीचा तोल गेला. तिने आयुष्यात पहिल्यांदा नातीवर हात उचलला. गालावर चार बोटं उमटली, तरी पोर रडली नाही. ती फक्त म्हणाली, "मी रोज जाते. तिथे मला कुणी हाकच मारत नाही."

मग हळूहळू, धागा धागा ओढावा तशी हकिगत बाहेर आली. नवीन शाळेत पहिल्या दिवसापासून बाई हजेरी घेताना एक वेगळंच नाव वाचायच्या. त्या नावाला कुणी ओ देत नसे. बाईंनी शोध लावला की ते नाव तिचंच आहे. पोरीने सांगितलं, माझं नाव उद्या आहे. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, हे काय नाव असतं का, पटावर जे आहे तेच तुझं नाव, त्यालाच 'हजर' म्हणायचं. ती म्हणाली नाही. बाईंनी ठरवलं की जी 'हजर' म्हणणार नाही ती गैरहजर. पोर रोज तिसऱ्या बाकावर बसायची, पाढे म्हणायची, डबा खायची, आणि तिच्या नावापुढे रोज फुली पडायची. गणिताच्या चाचणीत तिने कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं, तर असल्या नावाचं कुणी वर्गात नाही म्हणून तो कागद न तपासता बाजूला गेला.

"मग घरी का नाही सांगितलंस?" सुनेने विचारलं.

पोरीने पहिल्यांदा मान वर केली आणि सरळ आजीकडे पाहिलं. "बाई म्हणाल्या, ते नाव तुमच्या घरूनच दिलंय. तुम्हालाच माझं नाव नको होतं ना?"

थोरलीला वाटलं, त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. ज्या हाताने मारलं तो हात कुठे ठेवावा ते तिला कळेना. पोर महिनाभर असं समजून चालली होती की आजीने, आईने मिळून आपलं नाव टाकून दिलं, आणि तरीही ती वर्गात तोंड मिटून एकटी लढत होती.

ते नाव कसं आलं हे घरात सगळ्यांना पाठ होतं. थोरलीचे वडील तेव्हा एक्याण्णव वर्षांचे. अंथरुणाला खिळलेले, पण डोकं शाबूत. रोज सकाळी विचारायचे, बाळ कधी येणार? आणि त्यांचं समाधान व्हावं म्हणून रोज सांगितलं जायचं, उद्या. असे पंधरावीस दिवस गेले. एका दुपारी पोर जन्मली, दवाखान्यातून घरी आणली, तर म्हातारा दाराकडे बघत म्हणाला, "उद्या आली का?" सगळे हसले आणि तेच नाव झालं. महिन्याभरात म्हातारा गेला. पुढे त्या नावाने घरात रोज करमणूक व्हायची. उद्याला आज ताप आहे. उद्याची वेणी काल घातली ती अजून तशीच. पोरीलाही त्याची मजा वाटायची. कुणी विचारलं, नाव काय, तर ती म्हणायची, आज सांगू का?

नावं ठेवायची ही तऱ्हा म्हाताऱ्याची जुनीच. पार्सलांवर मारायचे शिक्के तो दिवसभर हाताळायचा आणि तेच शब्द घरी घेऊन यायचा. थोरली आठव्या महिन्यातच जन्मली म्हणून तिचं नाव तातडी. मधली जन्मली ती मांजराच्या पिल्लाएवढी, तिचं नाव नाजूक. धाकट्याच्या वेळी म्हातारा परगावी होता. मुलगा झाला, बायको सुखरूप आहे, अशी तार हातात पडली तेव्हा तो म्हणाला, ही तर पोच, आणि पोराचं नाव पोच पडलं.

तातडीने सगळा जन्म ट्रंक कॉलच्या कचेरीत कानाला यंत्र लावून काढला. "तातडी बोलतेय" म्हटलं की पलीकडचा माणूस घाबरून विचारायचा, कुणाचं काही बरंवाईट झालं का? नाजूक वाढून दाराच्या चौकटीएवढी झाली आणि बसची कंडक्टर झाली. तिने हाताला धरून उतरवलेले दारुडे तिचं नाव ऐकून आणखी खचायचे. दोघी आपापल्या नावावर रुळल्या होत्या. पोच मात्र बाविसाव्या वर्षी रीतसर अर्ज करून नाव बदलून आला. चारचौघांसारखं, कुणाच्या लक्षात न राहणारं नाव घेतलं, चष्म्याचं दुकान काढलं आणि बहिणींना बजावलं की यापुढे धाकट्या म्हणा, भाऊ म्हणा, काहीही म्हणा, ते नको.

शनिवारी थोरली आणि सून शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका गावाला गेल्या होत्या. कारकुनाने कपाटाला पाठ लावून सांगितलं की प्रवेशाच्या अर्जात जे नाव असेल तेच पटावर चढतं, आणि अर्ज बघायचा तर शाळा समितीची परवानगी लागेल. थोरलीने त्याला शांतपणे सांगितलं की माझा सख्खा भाऊ तुमच्या समितीवर आहे. कारकून यावर काहीतरी बोलणार होता, पण खोकला आणि गप्प बसला.

म्हणून रविवारी दुपारी सगळ्या जणी धाकट्याच्या दुकानात जमल्या. रविवारी गिऱ्हाईक नसायचं. धाकटा शटर अर्धं ओढून आठवड्याचं साठलेलं काम संपवत बसायचा. समोर मोठ्या अक्षरांपासून मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत उतरत जाणारा तक्ता, काचेच्या फळ्यांवर फ्रेमी, आणि आतल्या बाजूला भिंगाच्या कडा घासायचं यंत्र, ज्यातून पाणी सतत ठिबकत असायचं. त्याची बायको काउंटरच्या टोकाला बसून तयार चष्मे मऊ फडक्याने पुसून डब्यांत घालत होती. तिने तिघींना स्टुलं दिली, पाणी दिलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, पण नणंदांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे.

सुरुवात मधलीने केली. बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज त्या चिंचोळ्या दुकानात मावेना. शाळा आहे का कत्तलखाना, असं ती म्हणाली. उद्या सकाळी त्या बाईंना वर्गातून बाहेर ओढते आणि भर पटांगणात त्यांची हजेरी घेते, भलत्याच नावाने, बघू ओ देतात का. थोरलीने तिला हाताने थोपवलं आणि भावाला सगळं सांगितलं. पत्र, तेवीस फुल्या, न तपासलेला कागद, आणि त्या गालफडात बसलेली चार बोटंही तिने लपवली नाहीत. तू समितीवर आहेस, म्हणाली, उद्या आमच्याबरोबर चल, तो अर्ज बाहेर काढ आणि कुणाचं हे काम आहे ते शोधून काढ.

धाकट्याने यंत्र बंद केलं नाही. भिंग धरून फिरवत तो म्हणाला की बाईंचं चुकलं, हजेरीचं मी बोलतो, एवढं ताणायला नको होतं. पण नाव पटावर जे आहे ते काय वाईट आहे? चांगल्या अर्थाचं नाव आहे. पोर आता लहान आहे, दोन महिन्यांत सवय होईल. घरी तुम्ही काय हवं ते म्हणा.

सुनेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मामा, सवय कशाची होईल? ते तिचं नाव नाहीये."

"अगं, नाव म्हणजे काय, एक सोय. दाखल्याचं काय करायचं ते मी तेव्हाच बघून घेतलं होतं, पुढे बोर्डाच्या परीक्षेलाही अडचण यायची नाही."

बोलून गेल्यावर तो थांबला. यंत्रातलं पाणी तेवढं ठिबकत राहिलं. थोरलीने उभी हयात दोन टोकांची माणसं एकमेकांना जोडून देण्यात घालवली होती; बोलता बोलता माणूस कुठे अडखळतो ते तिच्या कानाला बरोबर कळायचं. प्रवेशाच्या वेळी सून कामावर, मुलगा जहाजावर, आणि तिचं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं चाललेलं, म्हणून पोरीचा जन्मदाखला घेऊन शाळेत कोण गेलं होतं, ते तिला आत्ता आठवलं. भावानेच आपणहून म्हटलं होतं, तुम्ही कशाला त्रास घेता, मी करून आणतो.

तिने विचारायच्या आतच काउंटरच्या टोकाकडून उत्तर आलं.

"अर्ज यांनीच भरला," धाकट्याची बायको म्हणाली. ती फडकं घडी करत होती. "इथेच बसून. साक्षीदार म्हणून खाली सही माझी आहे."

सून ताडकन उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या पोटच्या पोरीचं नाव बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी खाली उतरत गेला. ओरडली असती तर धाकट्याला सोपं गेलं असतं.

त्याने यंत्र बंद केलं. हात पुसले. आणि मग तो बोलला ते बहिणींकडे बघत. म्हणाला, तुम्हाला दोघींना काय कळणार. तुमची नावं ऐकून लोक हसले आणि पुढे गेले. माझ्या नावात लोकांना खेळणं सापडलं. चौथीत गुरुजींनी मला बाकावर उभं केलं होतं, आठवतं का? काहीतरी उलट बोललो असेन. "ते म्हणाले, वर्गाला मोठ्याने सांग, मला पोच नाही. मी सांगितलं. मग म्हणाले, आता नाव सांग. मी नाव सांगितलं. पोरं बाकांवर हात आपटून हसत होती. वर्षभर रोज, दिसलो की, हा बघा, नाव पोच आणि पोच नाही. बाबांना सांगितलं तर तेही हसले. म्हणाले, विनोद चांगला आहे." त्याने हातातलं फडकं काउंटरवर टाकलं. "म्हाताऱ्याने मरता मरता आणखी एका पोरीला तेच करून ठेवलं. मला ते बघवणार नव्हतं. मी तिला वाचवलं."

आणि इथे मधली फिरली. लहानपणी धाकट्याला चिडवणाऱ्या पोरांना तिनेच धरून बडवलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की तिला बाकीचं काही दिसत नसे. ती थोरलीला म्हणाली, जाऊ दे ना, हेतू तर चांगला होता. पोरगी शिकतेय, शाळा बरी आहे, नाव काय, घरात आपण उद्याच म्हणू. मघाशी शाळा उलथून टाकायला निघालेली मधली आता सुनेला समजावायला लागली की घरातली गोष्ट घरात मिटवावी, समितीत याची पत आहे, उगाच चव्हाट्यावर कशाला.

सुनेने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती सासूकडे बघत होती.

थोरलीच्या मनात भावाची कणव नव्हती असं नाही. बाकावर उभा असलेला तो हडकुळा पोरगा तिलाही दिसत होता. शाळा सुटल्यावर त्याचं दप्तर तीच उचलायची. पण त्याच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसलेली दुसरी एक पोर तिला दिसत होती, आणि तिच्या गालावरचे वळ.

"तुला वर्गासमोर उभं करून नावावरून छळलं," ती म्हणाली. "आणि तू काय केलंस? दुसऱ्या एका पोरीला वर्गासमोर उभं केलंस. गुरुजी निदान परके होते रे."

धाकटा म्हणाला की तुलना चुकीची आहे. मी चांगलं नाव दिलं.

"तुझं नाव तू बदललंस, कुणी अडवलं नाही. बाविसाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी जाऊन बदललंस. तिलाही तेवढी वर्षं द्यायचीस. तेव्हा तिला वाटलं असतं तर तीही गेली असती. तिला ते नाव हवं आहे धाकट्या. तेवीस दिवस ती त्यासाठी एकटी बसली. तू एक दिवस तरी बसला असतास का?"

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं, आणि बोलल्यावर तिलाही ते कळलं. धाकट्याचा चेहरा दगड झाला. त्याने सांगून टाकलं की मी अर्ज मागे घेणार नाही. कमिटीसमोर मी खोटा पडायचा नाही. तुम्हाला जे करायचं ते करा. आणि बायकोकडे वळून, जणू एवढा वेळ तिच्यामुळेच सगळं बिघडलं होतं, तो म्हणाला, "हिला विचारा. हिचंही नाव मीच बदललं, लग्नाची नोंदणी करताना. गावंढळ नाव होतं, चारचौघांत घ्यायची लाज वाटावी असं. काय वाईट झालं हिचं? एका शब्दाने कधी बोलली आहे का?"

पुसून झालेला चष्मा तिने डबीत ठेवला. डबी मिटल्याचा आवाज झाला.

"विचारलंत कधी?" ती म्हणाली.

"तुला आवडलं होतं."

"मी एकोणीस वर्षांची होते. तुम्ही कागद पुढे केलात, बोट ठेवून दाखवलंत, इथे सही कर. मी नाव वाचलं आणि मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद आलाय. मी म्हणाले, हे माझं नाही. तुम्ही म्हणालात, आता हेच." ती उभी राहिली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "माझी आई जाईपर्यंत मला जुन्या नावाने पत्र लिहायची. ती पत्रं तुम्ही दारातून परत पाठवायचात. या नावाचं इथे कुणी राहत नाही, असं लिहून. मग तिने लिहायचं सोडलं."

  धाकटा म्हणाला, ते गैरसमज होऊ नये म्हणून. पण हे तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघून म्हणाला. त्याची बायको पायऱ्यांनी वर घरात निघून गेली. थोरली, सून आणि मधली अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडल्या. कोपऱ्यावर मधली म्हणाली की सोमवारी माझी वाट बघू नका, मी कुणाच्याच बाजूने येणार नाही.

सोमवारी सकाळी थोरली आणि सून पोरीला घेऊन शाळेच्या फाटकात पोचल्या, तर धाकट्याची बायको तिथे आधीच उभी होती. हातात कापडी पिशवी, पायात रोजच्या चपला. ती एवढंच म्हणाली की अर्जावर माझी सही आहे, म्हणून आले.

मुख्याध्यापिका गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली, आणि मग सांगितलं की घरातल्या मतभेदांत शाळेला पडता येत नाही. समितीच्या सन्माननीय सभासदांनी पालकांच्या वतीने अर्ज केला, शाळेने विश्वास ठेवला. शिवाय, त्या हसून म्हणाल्या, तुम्हीच विचार करा, असं नाव घेऊन मुलीला पुढे किती त्रास होईल.

सुनेने टेबलावर जन्मदाखला ठेवला. "रक्ताच्या बाटलीवर मी माझ्या आवडीचं नाव लिहिलं, तर माणूस मरेल," ती म्हणाली. "या दाखल्यावर जे आहे ते तुम्ही पटावर लिहिलं नाही. कुणी का सांगितलं असेना, लिहिलं तुम्ही."

मुख्याध्यापिका कारकुनाकडे बघू लागल्या, कारकून खिडकीकडे. मग धाकट्याच्या बायकोने अर्ज मागून घेतला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ही सही माझी आहे, म्हणाली, पालकांची संमती आहे असं इथे लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला सही करताना माहीत होतं. मी सही मागे घेते. तसं लिहून देते, एक प्रत इथे आणि एक शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीत.

वरच्या कचेरीचं नाव निघाल्यावर गोष्टी भराभर हलल्या. पट आणवला गेला. लाल शाईने ते परकं नाव खोडलं, वर दोन अक्षरं लिहिली, बाजूला मुख्याध्यापिकांची सही झाली. त्यांनी पट मिटला आणि सुटकेचा श्वास टाकला.

थोरली उठली नाही.

"त्या तेवीस फुल्या," ती म्हणाली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, गेलेली हजेरी बदलता येत नाही, नियमच नाही तसा. थोरली म्हणाली, मला नियम माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ती हजर होती. तुमच्या वर्गात, तुमच्या तिसऱ्या बाकावर, तुमच्या डोळ्यांसमोर. ती हजर होती असं लिहा, नाहीतर ती कुठे होती ते लिहून द्या. मी नातीला तेवीस दिवस तुमच्या ताब्यात दिली होती. हे ती ओरडून बोलली नाही. ट्रंक कॉलवर आडमुठ्या माणसाला धरून ठेवायचा तो तिचा जुना सपाट आवाज होता, आणि त्या आवाजाला फोन ठेवता येत नसे. वर्गावरच्या बाईंना बोलावण्यात आलं. बाई म्हणजे तरुण मुलगीच होती. तिने पट उघडला, पान बघितलं आणि तिचा चेहरा रडवेला झाला. मला वाटलं घरच्यांचीच इच्छा आहे, असं ती पुटपुटली. मग खाली बसून एकेक फुली खोडत, एकेकीपुढे सही करत तिने पान पुरं केलं. तिला पाऊण तास लागला. थोरली पाऊण तास समोर बसून राहिली. तपासायचा राहिलेला गणिताचा कागदही कपाटातून निघाला, दहापैकी आठ. पोर दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. बाईंनी तिला नावाने हाक मारून वर्गात चल म्हटलं, तेव्हा तिने आधी आजीकडे पाहिलं, मग गेली. हसलीबिसली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि थोरलीला वाटलं, उतरायची घाईही नको.

सून तिथूनच रक्तपेढीकडे पळाली. फाटकाबाहेर थोरली आणि भावजय दोघीच उरल्या. बाहेर ऊन चढलं होतं, रिक्षावाले फाटकासमोरून निघून गेले होते. थोरलीने तिचे आभार मानले. घरी आता काय होईल असं विचारलं. भावजय म्हणाली, काय व्हायचं ते होईल, आज मी बहिणीकडे जाणार आहे, मग बघू.

थोरलीच्या मनात रविवारपासून एकच गोष्ट सलत होती. एकतीस वर्षं या बाईला आपण त्या नावाने हाक मारली. भावाने सांगितलं आणि आपण उचललं. पलीकडून कोण बोलतंय ते विचारल्याशिवाय कधी फोन न जोडणाऱ्या आपण, घरात आलेल्या मुलीला विचारलंसुद्धा नाही. आणि भावाला मोठ्या तोंडाने ऐकवून आलो.

"अगं," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिने गिळला. "तुझं नाव काय आहे?"

भावजय तिच्याकडे बघत राहिली. आज सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर राग दिसला, आणि तो जुना होता, मुरलेला.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही दोघींनी, तुमच्या आईने, बाबांनी, कुणी एकदाही विचारलं नाही ताई. बाबा तर नावांचे एवढे शौकीन. आता तुम्ही विचारलंत म्हणून मी लगेच सांगायचं, आणि तुम्ही संध्याकाळपासून प्रेमाने हाक मारायला लागायचं, म्हणजे झालं का सगळं? कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते मी ठरवीन. तेवढं एकच माझ्याकडे राहिलंय."

  भावजयीने मान हलवली, रस्ता ओलांडला आणि ती बस थांब्याच्या दिशेने चालू लागली.

ती बरीच पुढे गेल्यावर थोरलीचं लक्ष गेलं. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर तिची कापडी पिशवी तशीच राहिली होती. आत चष्म्याची डबी, पैशांचं पाकीट, दोन कपडे. दूर वळणावर बस दिसायला लागली होती. थोरलीने पिशवी उचलली आणि हाक मारायला तोंड उघडलं. एकतीस वर्षांची सवय. ते नाव जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं.

तिने तोंड मिटलं. पिशवी छातीशी घट्ट धरली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, रस्त्याच्या कडेकडेने, ती तिच्या मागे धावायला लागली.